डिस्क ब्रेकची निगा: लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही तेव्हा

धागालेखक

गेल्या आठवड्यात एका वळणाआधी माझ्या सायकलचा मागचा ब्रेक लागलाच नाही. मी पडलो नाही, कोणाला धडकलोही नाही. परंतु त्यानंतर दोन दिवस बसून जे वाचले आणि तपासले, त्यात माझ्याच इतक्या चुका सापडल्या की या विषयावर एक सविस्तर धागा असावा असे वाटले. डिस्क ब्रेकची सायकल घेताना आपण सगळे त्याच्या ताकदीविषयी बोलतो, पण तो कशामुळे निकामी होतो हे फारसे कोणी सांगत नाही. माझे मत असे झाले आहे की हा ब्रेक आपणहून क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा तो आपल्याच हातून बिघडतो, आणि तेही सायकलची निगा राखताना.

झाले असे. आदल्या संध्याकाळी मी साखळी पुसून तिच्यावर फवाऱ्याच्या डब्यातून वंगण मारले. एका हाताने पेडल उलटे फिरवत होतो आणि दुसऱ्या हाताने मागच्या दातेरी चक्रांजवळ फवारा सोडत होतो. तो फवारा आऱ्यांमधून पलीकडे जाऊन डाव्या बाजूच्या रोटरवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, बसतो आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर मागचा लिव्हर दाबला तेव्हा भोंग्यासारखा मोठा आवाज आला आणि सायकल मात्र त्याच वेगाने पुढे जात राहिली. पुढचा ब्रेक शाबूत होता म्हणून वळणापर्यंत वेग आटोक्यात आला. खाली उतरून पाहिले तर मागच्या रोटरवर पाण्यावर तेल पसरल्यावर दिसते तशी रंगीत झाक होती. पुढचा रोटर कसा आहे हे पाहायला मी त्याला बोट लावले आणि चांगलाच चटका बसला.

माझे प्रश्न साधे आहेत. मागचे पॅड, म्हणजे रोटरला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे, वाचतील का? आणि आपण सगळे नकळत अशा कोणत्या चुका करत असतो, ज्या एरवी लक्षात येत नाहीत?

प्रतिसाद १

पॅड वाचतील का, याचे प्रामाणिक उत्तर "बहुधा नाही" असे आहे. पॅडवरचे घर्षणाचे द्रव्य सच्छिद्र असते आणि तेल त्यात मुरते. वरून पुसले तरी ब्रेक तापला की आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. म्हणूनच पुष्कळांना असा अनुभव येतो की साफ केल्यावर पहिला एक किलोमीटर ब्रेक ठीक लागतो आणि मग तोच आवाज परत सुरू होतो. अगदी थोडे तेल लागले असेल, तर पॅड बाहेर काढून सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर वरचा थर हलक्या हाताने घासून काढता येतो. ते करताना ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. परंतु तुमच्या वर्णनावरून फवारा थेट बसला आहे, आणि अशा वेळी मी स्वतः पॅड बदलतो. काही जण पॅड आचेवर धरून तेल जाळून टाकण्याचा उपाय सुचवतात. तो कृपया करू नये. घर्षणाचा थर मागच्या धातूच्या पट्टीवर घट्ट बसवलेला असतो, उघड्या ज्वाळेने ती पकड कमकुवत होऊ शकते, आणि ती सुटली आहे हे आपल्याला कळते ते थेट ब्रेक दाबल्यावरच.

रोटरची गोष्ट वेगळी आहे. तो पोलादाचा असल्यामुळे तेल शोषून घेत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न वापरलेले स्वच्छ फडके एवढ्यावर काम होते. पहिल्यांदा पुसल्यावर फडक्यावर काळपट डाग उठेल. मग फडक्याची नवी बाजू घेऊन पुन्हा पुसावे, आणि डाग उठेनासा होईपर्यंत ते चालू ठेवावे. नवे पॅड बसवण्याआधी रोटर साफ झालाच पाहिजे, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत नवे पॅडही जुन्यांच्या वाटेने जातील.

तेलाचे स्रोत आपल्याला वाटते त्याहून अधिक असतात. सायकल चमकवण्याचे सिलिकॉनयुक्त फवारे, गंज सोडवण्याचे फवारे, ट्यूबलेस टायरमधून उडालेले सीलंट, आणि हाताच्या बोटांचा तेलकटपणासुद्धा. चाक काढताना रोटर सहज हाती येतो, म्हणून चाक नेहमी रिम किंवा टायर धरून उचलावे. साखळीला थेंबाथेंबाने वंगण देण्याची बाटली वापरली, तर तुमच्यासारखा प्रसंग जवळजवळ अशक्य होतो.

एक गोष्ट मात्र तपासावी. कुठलाही फवारा मारलेला नसताना पॅड वारंवार तेलकट होत असतील, तर कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागातल्या, पिस्टनच्या सीलमधून ब्रेकचे तेल पाझरत असण्याची शक्यता आहे. त्या वेळी पॅड कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही.

प्रतिसाद २

नवे पॅड बसवल्यावर लगेच उताराला लागू नका, एवढे सांगण्यासाठी लिहीत आहे. नवे पॅड पहिल्या दिवशी जवळजवळ धरतच नाहीत, कारण पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, एकसारखा थर रोटरवर चढल्यावरच त्यांची पूर्ण पकड मिळते. त्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेग घ्यावा, एका ब्रेकने वेग चालण्याइतका खाली आणावा, पूर्ण थांबू नये, आणि पुन्हा वेग घ्यावा. असे साधारण वीस वेळा केल्यावर थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा करावे. मग दुसऱ्या ब्रेकसाठी हेच. पूर्ण थांबायचे नाही याचे कारण असे की तापलेले पॅड थांबलेल्या रोटरवर एकाच जागी दाबून राहिले, तर तेथे द्रव्याचा जाडसर ठसा उमटतो आणि पुढे दर फेरीला ब्रेक धडधडल्यासारखा जाणवतो. चाक लॉकही होऊ देऊ नये. पहिल्या पाच-सहा वेळा काहीच फरक वाटत नाही, आणि मग अचानक लिव्हरखाली पकड वाढल्याचे बोटांना कळते. तो क्षण ओळखता येऊ लागला की ब्रेकशी खरी ओळख झाली.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. नवे पॅड मागवले आहेत. आता चटक्याविषयी विचारतो. तो उतार फार मोठा नव्हता, आणि मी वेगातही नव्हतो. मग पुढचा रोटर एवढा कसा तापला?

प्रतिसाद ३

याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा मांडून पाहिला की उतारावरच्या सवयी आपोआप बदलतात. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने जाणाऱ्या सायकलची गतिज ऊर्जा ४,५०० ज्यूल होते, आणि थांबताना तिची जवळजवळ सगळी उष्णता बनते. रोटरचे वजन १२० ग्रॅम धरले आणि पोलादाच्या एका ग्रॅमचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे अर्धा ज्यूल लागतो हे लक्षात घेतले, तर संपूर्ण रोटर एका अंशाने तापायला ६० ज्यूल पुरतात. म्हणजे एकाच ब्रेकवर एकदा थांबलो, की रोटरचे तापमान सुमारे ७५ अंशांनी वाढू शकते. काही उष्णता पॅडमध्ये आणि हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असेल. पण चटका बसायला तेवढेही पुष्कळ आहे. वेग दुप्पट झाला की हीच ऊर्जा चौपट होते.

उतारावर तर थांबायचीही गरज नाही. तीनशे मीटर उंचीवरून खाली येताना याच ९० किलो वजनातून सुमारे २ लाख ६५ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे वरच्यासारखे जवळपास ५९ वेळा थांबण्याइतकी. त्यातला काही वाटा हवेचा विरोध आणि टायर उचलतात. आपण हळू जात असलो, तर हवेचा वाटा अगदी थोडा असतो आणि बाकी सगळे ब्रेकच्या माथी येते. तुमचा मागचा ब्रेक निकामी होता, म्हणून सगळा भार एकट्या पुढच्या रोटरने सोसला. "मी वेगात नव्हतो" हेच त्या तापण्याचे एक कारण आहे, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, पण तसेच आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. उतारावरून आल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटे रोटरला हात लावू नये, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाची पोटरीही त्याला लागणार नाही अशा रीतीने सायकल उभी करावी. आणि वजनदार स्वार किंवा सामान लादलेली सायकल असेल, तर १६० मिलिमीटरऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर घेण्याचा विचार जरूर करावा, मात्र फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि फ्रेम तेवढ्या रोटरसाठी बनवलेले आहेत ना हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहूनच.

प्रतिसाद ४

वरील हिशेब योग्य आहे. त्यात फक्त एक भर घालतो. संपूर्ण उतारभर लिव्हर हलका दाबून ठेवण्याची सवय अनेकांना असते आणि ती सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे पॅड आणि रोटर यांना एकमेकांपासून सुटून थंड व्हायला एक क्षणही मिळत नाही. रस्ता मोकळा आणि सरळ असेल तेथे ब्रेक सोडावा, पाठ ताठ करून छातीवर वारा घ्यावा, आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा. याचा अर्थ वेगाने उतरावे असा मुळीच नाही. ज्याला वळणे दिसत नाहीत किंवा रस्ता ओळखीचा नाही, त्याने हळूच उतरावे; फक्त मध्येच थांबून ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या रोटरवर पाणी मात्र ओतू नये, अचानक थंड केल्याने तो वाकडा होऊ शकतो.

ब्रेक तापल्यामुळे निकामी होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते बोटांना वेगवेगळे कळतात. लिव्हर नेहमीसारखाच कडक लागतो, पण सायकल थांबत नाही, तेव्हा पॅड अतितापले आहेत असे समजावे. अशा पॅडचा पृष्ठभाग नंतर काचेसारखा गुळगुळीत झालेला दिसतो. याउलट लिव्हर मऊ पडून हँडलपर्यंत येतो, तेव्हा आतले तेल उकळून त्यात बुडबुडे झालेले असण्याची शक्यता असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि मग आपण फक्त वाफ दाबत राहतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो अचानक येतो. तो जाणवताच लिव्हर भराभर दोन-चार वेळा दाबून जेवढा दाब मिळेल तेवढ्यात थांबावे, आणि पूर्ण निवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथेच तेलाचा मुद्दा येतो. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकमध्ये एकतर मिनरल ऑइल असते किंवा डॉट प्रकारचा ब्रेक फ्लुइड. या दोहोंची अदलाबदल कधीही करू नये, कारण दोन्हींसाठी सीलचे रबर वेगळे असते आणि चुकीच्या द्रवाने ते फुगते किंवा खराब होते. एकदा तसे झाले की नुसते तेल बदलून भागत नाही. शिमानो आणि मागुरा या कंपन्यांचे ब्रेक मिनरल ऑइलचे असतात. श्रामचे ब्रेक वर्षानुवर्षे डॉटचे होते, परंतु २०२२ मध्ये आलेला त्यांचा डीबी८ आणि २०२४ मधला मेव्हन हे मिनरल ऑइलवर चालतात. म्हणजे कंपनीच्या नावावरूनही आता अंदाज बांधता येत नाही. लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर कोणता द्रव घालायचा ते लिहिलेले असते, तेच प्रमाण मानावे. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जवळची वाटतात, पण डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो आणि तो डॉट ४ किंवा ५.१ च्या जागी चालत नाही.

डॉट ४ आणि ५.१ हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा असे मानक आहे, आणि ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. बाटली एकदा उघडली की तिच्यातला द्रवही असाच ओलावा घेत राहतो, म्हणून अर्धवट वापरलेली जुनी बाटली ब्लीडिंगसाठी, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून नवा द्रव भरण्यासाठी, घेऊ नये. हा द्रव रंग खातो आणि त्वचेलाही अपाय करतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, आणि फ्रेमवर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा.

प्रतिसाद ५

सर्व चर्चा हायड्रॉलिक ब्रेकभोवती चालली आहे, परंतु कितीतरी सायकलींना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतात आणि त्यांचा धोका निराळा आहे. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजतील तसे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. केबलच्या ब्रेकमध्ये तसे काही होत नाही. पॅड झिजत जातात, लिव्हर रोज थोडा थोडा जास्त आत येत जातो, आणि रोजच्या सवयीमुळे आपल्याला तो बदल जाणवत नाही. एक दिवस घाईत जोराने दाबायची वेळ येते आणि लिव्हर हँडलला टेकतो.

यातल्या बहुतेक साध्या कॅलिपरमध्ये फक्त बाहेरच्या बाजूचे पॅड हलते. ते रोटरला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबते. म्हणून आतले पॅड रोटरच्या अगदी जवळ, पण न घासता, असायला हवे. त्याचा स्क्रू आऱ्यांच्या बाजूने असतो. तो थोडाथोडा फिरवून हे अंतर ठेवता येते. पुष्कळ जण हे न करता केवळ केबल ताणत जातात. त्यामुळे कॅलिपरचा हात विश्रांतीच्या स्थितीतच अर्धा वळलेला राहतो आणि जोर लावायला पुढे जागाच उरत नाही. आधी पॅडचे अंतर, मग केबलचा ताण, हा क्रम सोडू नये. केबलचा एखादा धागा जरी तुटून बाहेर डोकावत असला, तरी ती केबल त्याच दिवशी बदलावी.

प्रतिसाद ६

ब्रेकचा विषय चाकाच्या पकडीपाशी येऊन थांबतो, म्हणून क्विक रिलीजविषयी, म्हणजे चाक हाताने चटकन काढता-बसवता यावे यासाठी आसाला असलेल्या लिव्हरविषयी, लिहितो. पुढचा डिस्क ब्रेक दाबला की कॅलिपरच्या जागेमुळे चाकाच्या आसावर एक मोठा जोर येतो, आणि अनेक फोर्कमध्ये त्या जोराची दिशा आसाला खाचेतून खाली ओढणारी असते. रिमच्या ब्रेकमध्ये हा प्रश्न जवळजवळ नव्हता. थ्रू अॅक्सलमध्ये आस फोर्कच्या बंद भोकातून जातो, त्यामुळे तेथेही तो उरत नाही. परंतु क्विक रिलीज असेल तर ते किती घट्ट आहे यावर सगळे अवलंबून असते. लिव्हर बंद करताना अर्ध्या वाटेवर जोर लागू लागला पाहिजे, आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर त्याचा ठसा उमटला पाहिजे. फोर्कच्या टोकाला खाचेभोवती जे उंचवटे असतात, ते चाक लवकर निघावे म्हणून कानशीने घासून काढणारे मी पाहिले आहेत. ते उंचवटे आस निसटू नये म्हणूनच असतात.

दुसरा धोका याहून कमी माहीत आहे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या उत्पादकाने सुमारे नऊ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या, कारण त्यांच्या पुढच्या क्विक रिलीजचा लिव्हर १८० अंशांपेक्षा जास्त उघडत होता आणि नीट बंद न केल्यास चालत्या रोटरमध्ये अडकू शकत होता. चाक जागच्या जागी थांबले की स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्याच वर्षी आणखी १३ कंपन्यांनी याच कारणासाठी सायकली परत मागवल्या. तपासणी अगदी घरच्या घरी होते. लिव्हर पूर्ण उघडून रोटरच्या दिशेने वळवावा आणि दोहोंमध्ये एक पेन्सिल जाते का ते पाहावे. सुमारे सहा मिलिमीटरचे हे अंतर मिळत नसेल, तर तो लिव्हर बदलेपर्यंत ती सायकल चालवू नये.

प्रतिसाद ७

एक कळकळीची विनंती आहे. सायकल उलटी करून चाक फिरवत ठेवू नका, विशेषतः लहान मुले जवळ असताना. फिरणाऱ्या रोटरची भोके डोळ्याला दिसत नाहीत, ती अखंड चकती वाटते, आणि मुलांना तिला बोट लावून पाहावेसे वाटते. त्या भोकांची कड बोटाचे टोक कापू शकते. मोठ्यांनीही चाक फिरत असताना कॅलिपरजवळ फडके नेऊ नये. फडक्याबरोबर बोटही आत ओढले जाते. रोटर पुसायचा तो चाक थांबवूनच.

प्रतिसाद ८

उलट्या सायकलचा उल्लेख आला म्हणून. हायड्रॉलिक ब्रेकच्या वरच्या टाकीत थोडी जरी हवा असेल, तर सायकल उलटी केल्यावर ती नळीकडे सरकू शकते. सरळ केल्यानंतर निघण्याआधी लिव्हर बऱ्याच वेळा दाबून तो पुन्हा कडक लागतो आहे ना ते पाहावे. दर वेळी मऊच राहत असेल, तर ब्लीडिंगची वेळ झाली आहे.

चाक काढलेले असताना चुकून लिव्हर दाबणे ही तर घरोघरची चूक आहे. मध्ये रोटर नसल्यामुळे पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही. माझ्या हातूनही हे झाले आहे, आणि तेव्हा मी पेचकस घालून पॅड फाकवले. पॅडच्या पृष्ठभागावर ओरखडे उमटले, त्यांचे काठ तुटले. पेचकस थेट पिस्टनला लागला असता, तर नुकसान आणखी मोठे झाले असते, कारण काही पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि त्यांचा कपचा उडतो. योग्य रीत अशी की जुने पॅड आत तसेच ठेवून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने त्यांना हळूहळू, दोन्ही बाजूंना सारखे, मागे ढकलावे. नव्या सायकलबरोबर पॅडच्या मध्ये बसवायचा जो प्लास्टिकचा तुकडा येतो, तो फेकू नये. प्रवासात चाक काढून सायकल न्यायची असेल तेव्हा तोच उपयोगी पडतो. तो नसला तर जाड पुठ्ठ्याची घडी चालते.

धागालेखक

पेन्सिलीची तपासणी आजच केली. माझा लिव्हर तीत पास होतो, पण अगदी थोडक्यात. आणखी एक विचारायचे राहिले. पुढचा रोटर दर फेरीला एकदा "टिंग" असा आवाज करतो. हा धोका आहे की नुसता त्रास?

प्रतिसाद ९

फेरीला एकदाच आवाज येत असेल, तर रोटर एका ठिकाणी किंचित वाकला आहे. सतत घासत असेल, तर कॅलिपर मध्यावर नाही. दुसऱ्या प्रकारासाठी कॅलिपरचे दोन्ही बोल्ट तो जेमतेम हलेल इतके सैल करावेत, लिव्हर घट्ट दाबून धरावा, आणि दाबलेल्या स्थितीतच बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शिमानो या बोल्टसाठी ६ ते ८ न्यूटन मीटर इतका पीळ सांगते. नंतर कॅलिपरच्या फटीमागे पांढरा कागद धरून खालून पाहावे. रोटरच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ दिसत नसेल, तर एक पिस्टन दुसऱ्यापेक्षा जड चालतो आहे.

वाकलेला रोटर हाताने सरळ करता येतो, पण स्वच्छ हाताने किंवा त्यासाठीच्या चिमट्याने, आणि अगदी जराजरासा. "टिंग" एवढ्यापुरता तो त्रास आहे, धोका नाही. मात्र त्याच आवाजात कधी धातूवर धातू खरवडल्यासारखा सूर मिसळला तर तेथेच थांबावे. पॅडचा थर संपून मागची पट्टी रोटरला लागते आहे, असा त्याचा अर्थ असतो.

प्रतिसाद १०

वरच्या शेवटच्या वाक्यापर्यंत वेळ येऊच नये. शिमानोच्या सूचनेनुसार घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. मी स्वतः एक मिलिमीटरलाच बदलतो. श्राम पट्टीसह पूर्ण पॅडची जाडी मोजते आणि ती तीन मिलिमीटरच्या खाली आली की बदलायला सांगते. रोटरही झिजतो हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ मिलिमीटर ही त्याची मर्यादा असते. किमान जाडीचा आकडा बहुधा रोटरवरच कोरलेला असतो. रोटरवरून नख फिरवले आणि पॅड जेथे घासते तेथे खळगा जाणवला, की मोजमापाची वेळ झाली.

पावसात आणि चिखलात रेझिनचे पॅड फार लवकर संपतात. एकाच लांब फेरीत ते खलास झालेले मी पाहिले आहेत. सिंटर्ड म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड ओल्यात अधिक टिकतात आणि उष्णताही अधिक सोसतात, पण आवाज जास्त करतात. ते घेण्याआधी रोटरवर "फक्त रेझिन पॅड" अशी सूचना कोरलेली नाही ना ते पाहावे. तशी असेल, तर तो रोटर मऊ पोलादाचा आहे आणि सिंटर्ड पॅड त्याला भराभर खातील. पॅड बदलताना त्यांना धरून ठेवणारी पिन आणि तिचे सुरक्षेचे क्लिप विसरू नये, कारण पिन गळून पडली तर पॅडही निसटते.

धागालेखक

नवे पॅड बसवले. मागचा रोटर अल्कोहोलने पुसताना फडक्याच्या चार बाजू काळ्या झाल्या, पाचवी स्वच्छ राहिली. प्रतिसाद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर वेग घेत आणि कमी करत गेलो. पहिल्या सात-आठ वेळा मागचा ब्रेक नुसता सरकत होता, अकराव्या वेळी चाकाने पकड घेतली आणि विसाव्या वेळी दोन बोटे पुरली. पुढच्या पॅडचा थर मोजला, तो जेमतेम एक मिलिमीटर निघाला, म्हणून तेही बदलून त्यांच्यासाठी सगळे पुन्हा केले.

क्विक रिलीजचा लिव्हर रोटरच्या बाजूने काढून उजवीकडे बसवला आहे. आता निघण्याआधी सायकलजवळ उभा राहून पुढचा लिव्हर दाबतो आणि हँडल पुढे ढकलतो, मग मागचा लिव्हर दाबून तेच करतो, आणि दोन्ही लिव्हर दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरतो. त्या वेळात एखादा हळूहळू आत येत असेल, तर कोठेतरी गळती आहे. फवाऱ्याचा डबा सायकलच्या पेटीतून काढून टाकला आहे. बाटलीतून साखळीच्या एकेका कडीवर एक थेंब सोडायला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ मागच्या रोटरवर जुन्या कापडी पिशवीचे आवरण असते.